हरलेला डाव घड्याळासकट बघायचा असेल तर लीचेस: सविस्तर रिव्ह्यू (५ पैकी साडेचार)

माझी भाची बारा वर्षांची आहे, बुद्धिबळ मनापासून खेळते, आणि तिच्या हरलेल्या डावांचं पोस्टमॉर्टेम गेले बरेच महिने आम्ही दोघी मिळून करतोय. त्यासाठी जे वापरतो ते म्हणजे लीचेस या फुकट बुद्धिबळ वेबसाइटचं अ‍ॅनालिसिस. त्याबद्दल लिहायचं कधीचं डोक्यात होतं कारण पालकांच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, की मुलगा टाइम प्रेशरमध्ये, म्हणजे घड्याळातला वेळ संपत आला की, हरतो, कोणतं अ‍ॅप घेऊ, कोणतं सबस्क्रिप्शन घेऊ. माझं उत्तर सरळ आहे, आधी एक रुपयाही भरू नका, लीचेस उघडा, पण त्यात नेमकं काय बघायचं ते समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोक फक्त कोण वरचढ आहे ते दाखवणारा ग्राफ बघतात आणि टॅब बंद करतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लीचेस २०१० साली तिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं, आज ती फ्रान्समधली ना-नफा संस्था आहे, सगळा खर्च लोकांच्या देणगीवर चालतो, जाहिरात एकही नाही, कोड सगळा ओपन सोर्स. देणगी देणाऱ्याला नावापुढे एक पंखांचं चिन्ह मिळतं, बस, फीचर सगळ्यांना सारखेच. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. शाळेतल्या मुलाला आणि ग्रँडमास्टरला तेच इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम), तेवढंच अ‍ॅनालिसिस. साइटची भाषा मराठी करता येते, आजी-आजोबांना नातवंडांचे डाव बघायचे असतील तर करून द्या.

आता मुद्द्याचं. एका खऱ्या डावावरून सांगते म्हणजे कळेल.

भाचीचा डाव, १५ मिनिटं अधिक चालीमागे १० सेकंद, ती काळ्याने, ओपनिंग कॅरो-कान. हरली. डाव संपल्यावर कॉम्प्युटर अ‍ॅनालिसिसचं बटण दाबलं. हे अ‍ॅनालिसिस लीचेसच्या सर्व्हरकडून येतं आणि त्यामागे जगभरचे स्वयंसेवक आपापल्या कॉम्प्युटरची ताकद फुकट देत असतात, त्याला फिशनेट म्हणतात. रोज किती डाव द्यायचे याला मर्यादा आहे पण घरगुती वापरात ती आम्हाला कधी जाणवली नाही. थोड्या वेळात रिपोर्ट आला. अ‍ॅक्युरसी (चालींची अचूकता) ९१ टक्के, किरकोळ चुका दोन, मोठी चूक शून्य, ब्लंडर (घोडचूक) एक. ग्राफ जवळजवळ सगळा मधल्या रेषेवर, आणि अगदी शेवटी, ५७व्या चालीला, कड्यावरून पडल्यासारखा सरळ खाली.

कोणीही हे बघून काय म्हणेल? पोरगी छान खेळली, शेवटी राजा-प्याद्याचं एंडगेम चुकलं, तेवढं पक्कं करून घ्या. कोचिंग क्लासवाले पण हेच म्हणतील. आणि इथेच सगळे फसतात असं माझं स्पष्ट मत आहे.

ती ५७वी चाल आधी बघू. पटावर उरलंय काय, तर पांढऱ्याचा राजा एफ५ वर (एफ ही उभी रांग, ५ ही आडवी), पांढरं प्यादं एफ६ वर, काळा राजा एफ७ वर, आणि चाल काळ्याची. काळ्याला कायदेशीर चाली तीनच आहेत, ई८, एफ८, जी८. प्यादं ई७ आणि जी७ धरून बसलंय, पांढरा राजा ई६ आणि जी६ धरून बसलाय. राजा सरळ मागे, एफ८ वर नेला की डाव बरोबरीत, कारण पांढरा राजा ई६ किंवा जी६ ला आला की आपण त्याच्या बरोबर समोर ई८ किंवा जी८ ला जातो, मग प्यादं एफ७ ला येऊन शह देतं, आपण एफ८ ला, आणि आता पांढऱ्याला प्यादं सोडायचं नसेल तर राजा एफ६ लाच आणावा लागतो, की झाला स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण खेळायला चालही नाही, बरोबरी. पण ई८ ला गेलात तर पांढरा राजा ई६, आपण एफ८, प्यादं एफ७, आता आपल्याला जी७ शिवाय घरच नाही, आणि मग पांढरा राजा ई७, वजीर होणार. जी८ ला गेलात तरी तेच, आरशातलं. भाची ई८ ला गेली. घड्याळात ७ सेकंद होते.

मी दुसऱ्या दिवशी लाकडी पटावर तीच पोझिशन मांडली, काही न सांगता, नाश्त्याच्या वेळी. म्हटलं काळ्याने काय खेळायचं? "राजा एफ८, अजून काय, मावशी!" पोहे खाता खाता उत्तर. म्हणजे तिला ते येतंय. पक्कं येतंय. मग एंडगेमचे धडे देऊन काय होणार? कळतं पण ७ सेकंदांत सुचत नाही, हा प्रॉब्लेम वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर ५७व्या चालीत नाहीये, त्याच्या खूप आधी आहे.

हे उत्तर लीचेसवर मिळतं, म्हणूनच हा रिव्ह्यू. पटाखाली कॉम्प्युटर अ‍ॅनालिसिसच्या शेजारीच अजून एक टॅब असतो, मूव्ह टाइम्स. प्रत्येक चालीला किती वेळ घेतला त्याचे बार, पांढऱ्याचे रेषेच्या वर, काळ्याचे खाली. हा टॅब उघडणारे लोक मला फारच कमी भेटलेत आणि माझ्या मते टाइम प्रेशरच्या डावासाठी सगळ्या साइटवर याच्याइतकी कामाची दुसरी गोष्ट नाही. एक लक्षात ठेवा, बारची उंची सरळ प्रमाणात नसते, चार मिनिटांचा बार एका मिनिटाच्या चौपट उंच दिसत नाही, त्यामुळे नुसत्या नजरेवर जाऊ नका, माउस बारवर नेऊन सेकंद वाचा.

भाचीच्या डावात वाचले. नवव्या चालीला ३ मिनिटं १० सेकंद. बाराव्या चालीला जवळपास ४ मिनिटं. पंधराव्याला पुन्हा ३ च्या आसपास. म्हणजे तीन चालींत १० मिनिटं गेली, डाव १५ मिनिटांचा. तिसाव्या चालीपर्यंत घड्याळात मिनिटभर पण उरलं नव्हतं आणि तिथून पुढे ती फक्त त्या १० सेकंदांच्या इन्क्रिमेंटवर जगत होती.

आता खरी मजा. हे तीन उंच बार कुठे आहेत ते ग्राफवर शोधा आणि तिथे जाऊन इंजिनच्या तीन ओळी, म्हणजे त्याच्या मते सगळ्यात चांगल्या तीन चाली, चालू करा. ब्राउझरमध्येच स्टॉकफिश नावाचं इंजिन चालतं, एक ओळ दिसते ती वाढवून तीन किंवा पाच करता येतात. नवव्या चालीला प्रश्न होता की आधी कॅसलिंग करायचं की आधी सी५ ढकलायचं. इंजिन म्हणतं दोन्हीत फरक एका प्याद्याच्या दहाव्या भागाएवढा. बाराव्या चालीला तीन चाली, तिन्ही जवळजवळ सारख्या. पंधराव्याला पण तेच. म्हणजे पोरीने १० मिनिटं अशा निर्णयांवर घालवली जिथे काहीही खेळली असती तरी चाललं असतं! वाईट चाली नव्हत्या हो त्या, रिपोर्टमध्ये त्यांच्यावर चुकीची एकही खूण नाही, म्हणून तर रिपोर्ट त्यांच्याबद्दल एक शब्द बोलत नाही. पण डाव तिथेच गेला.

म्हणून आमची पद्धत आता अशी झालीये की आधी ग्राफ नाही, आधी मूव्ह टाइम्स. जिथे बार उंच आणि ग्राफ सपाट, तिथे वेळ वाया गेला. जिथे बार बारीक आणि ग्राफ कोसळलेला, तिथे वेळ कमी पडला. पहिल्या प्रकारच्या जागा सापडल्या की दुसऱ्या प्रकारच्या आपोआप समजतात. आणि जिथे बार उंच आहे आणि पोझिशन पण खरंच अवघड होती, तिथे मुलाला शाबासकी द्या, तो वेळ बरोबर जागी खर्च झालाय, हे सांगायला पालक हमखास विसरतात.

अजून एक जागा त्या डावात होती आणि ती तर ना ग्राफमध्ये दिसते ना ब्लंडरच्या यादीत. ४४वी चाल. तेव्हा पटावर दोघांकडे एकेक हत्ती, पांढऱ्याची दोन प्यादी, काळ्याचं एक, सगळी राजाच्या बाजूला. हत्तीमारीची (दोघांचे हत्ती एकमेकांत मारून टाकायची) संधी आली आणि भाचीने ५ सेकंदांत हत्ती मारून टाकले. का, तर घड्याळ पळतंय, पट मोकळा केला की सोपं होईल. हे टाइम प्रेशरमधलं सगळ्यात कॉमन दुखणं आहे, लहान मुलांत तर आहेच आणि क्लबमधल्या मोठ्या काकांत पण आहे. इंजिनला विचारा, मारामारीच्या आधी ०.० म्हणजे बरोबरी, नंतर पण ०.०. इंजिनच्या लेखी काही बिघडलंच नाही.

पण इथे लीचेसची अजून एक सोय कामाला येते, टेबलबेस. पटावर राजे धरून सात किंवा कमी मोहरी उरली की ओपनिंग एक्सप्लोररच्या (सुरुवातीच्या चालींची आकडेवारी दाखवणाऱ्या भागाच्या) जागी टेबलबेस दिसायला लागतो, आणि तो अंदाज नसतो, शंभर टक्के सोडवलेली पोझिशन असते. दोन राजे, दोन हत्ती, तीन प्यादी, बरोबर सात झाले. तिथे प्रत्येक कायदेशीर चालीपुढे लिहून येतं की ही जिंकते, ही बरोबरी, ही हरते. आम्ही दोघींनी ती यादी वाचली. हत्ती पटावर असताना बरोबरी राखणाऱ्या चालींची रांगच्या रांग. हत्ती इकडे ठेव, तिकडे ठेव, मागून शह दे, बरंचसं सगळं चालतंय. हत्ती गेल्यावर राजा-प्याद्याच्या एंडगेममध्ये आलो की यादी आखूड, आणि बरोबरीच्या चाली एक किंवा दोन. आणि ५७व्या चालीला तर तीनपैकी एकच. मूल्य तेच ०.० पण रस्ता केवढा अरुंद झाला बघा. ज्याच्याकडे १० मिनिटं आहेत त्याने अरुंद रस्ता घेतला तर हरकत नाही, ज्याच्याकडे १० सेकंद आहेत त्याने रुंद रस्त्यावरच राहायला पाहिजे. भाचीला हे मी तोंडाने दहा वेळा सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि विसरली असती, त्या याद्या शेजारी शेजारी बघितल्यावर ती स्वतःच म्हणाली, "म्हणजे हत्ती ठेवायला हवे होते." एवढ्यासाठी मी टेबलबेसला पूर्ण मार्क देते.

आणि हे फक्त बारा वर्षांच्या पोरीचं नाहीये. २०२४ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप आठवा, सिंगापूर, १२ डिसेंबर, १४वा आणि शेवटचा डाव, तेव्हाचा चॅम्पियन डिंग लिरेन पांढऱ्याने, गुकेश काळ्याने. स्कोअर साडेसहा-साडेसहा. पटावर दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशची दोन प्यादी, डिंगचं एक. सगळे म्हणत होते बरोबरी होणार, दुसऱ्या दिवशी टायब्रेक. डिंगच्या घड्याळात गुकेशपेक्षा खूपच कमी वेळ होता. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तीमारी पुढे केली, तेच, सोपं करून टाकू. त्याचा उंट मात्र ए८ च्या कोपऱ्यात होता. गुकेशने हत्ती मारला, राजाने परत मारला, आणि मग उंट डी५! कोपऱ्यातल्या उंटाला तो एकच कर्ण, पळायला जागाच नाही, उंट पण गेले, आणि उरलं राजा आणि दोन प्यादी विरुद्ध राजा आणि एक प्यादं, सरळ हरलेलं. ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला आणि १८ वर्षांचा गुकेश वर्ल्ड चॅम्पियन झाला. हा डाव लीचेसवर घड्याळाच्या वेळांसकट बघायला मिळतो, मोठ्या स्पर्धांच्या ब्रॉडकास्टमध्ये चालीसोबत उरलेला वेळ पण येतो. मुलांना हा डाव दाखवताना ५५व्या चालीवर थांबा आणि विचारा, हत्ती ठेवायचे की मारायचे? भाचीचा डाव आणि डिंगचा डाव लागोपाठ बघितल्यावर आमच्याकडे जी चर्चा झाली ती अर्धा तास चालली आणि मला फार आनंद झाला.

नागपूरच्या दिव्या देशमुखचा पण एक डाव याच कारणासाठी बघण्यासारखा आहे. २०२५ चा महिला वर्ल्ड कप, जॉर्जियातलं बातुमी, फायनलला समोर कोनेरू हंपी. क्लासिकलचे (लांब वेळेचे) दोन्ही डाव बरोबरीत, मग रॅपिडचा (कमी वेळेचा) पहिला बरोबरीत, आणि २८ जुलैला दुसऱ्या रॅपिडमध्ये दिव्याने काळ्याने जिंकला आणि त्या जिंकण्यावर थेट ग्रँडमास्टर झाली. हंपीसारखी अनुभवी, रॅपिडची वर्ल्ड चॅम्पियन राहिलेली खेळाडू पण शेवटी घड्याळापुढे अडचणीत येते, हे मुलांनी बघितलं की त्यांना बरं वाटतं, हे फक्त आपल्यालाच होत नाही म्हणून.

परत लीचेसकडे. चुकांमधून शिका नावाची सोय आहे, रिपोर्ट आल्यावर ते बटण दिसतं, दाबलं की तुमच्या चुकलेल्या जागांवर एकेक करून नेतं आणि यापेक्षा चांगली चाल शोधा म्हणतं. चांगली आहे, डावपेच चुकले असतील तर फार चांगली. टाइम प्रेशरच्या डावाला मात्र अर्धवट, कारण मुलाला आता वेळच वेळ असतो, आणि वेळ असला की चाल सापडतेच, मग मूल खूश, पालक खूश, आणि पुढच्या रविवारी हॉलमध्ये परत तेच. त्याऐवजी आम्ही काय करतो, तर अवघड जागेवर जाऊन 'इथून पुढे खेळा' घेतो आणि माझ्याशीच खेळायला लावते, घड्याळ १ मिनिट अधिक १० सेकंद. ४४व्या चालीपासूनची ती हत्तीची पोझिशन आम्ही अशीच खेळलो, ती हत्ती ठेवून, मी प्यादी ढकलत, आणि ती आरामात बरोबरी काढते आता. कॉम्प्युटरशी पण खेळता येतं, पण माणसाशी खेळलेलं बरं, माणूस पण घाबरवतो ना.

अ‍ॅक्युरसीच्या टक्क्यांबद्दल एक विनंती. पालकांनो, त्या आकड्यावरून मुलांना बोलू नका, कौतुक पण करू नका. ९१ टक्के असून डाव हरता येतो हे वर बघितलंच. लांबलचक एंडगेममध्ये राजा इकडेतिकडे फिरवला तरी सगळ्या चाली बरोबर धरल्या जातात आणि टक्के फुगतात. सेंटिपॉन लॉसचं (चालीमागे किती नुकसान झालं त्याचं) पण तेच, १०० सेंटिपॉन म्हणजे एक प्यादं, तो सरासरी आकडा असतो, सरासरीत ती एक घातक चाल विरघळून जाते.

ज्यांची मुलं प्रत्यक्ष हॉलमधल्या स्पर्धा खेळतात त्यांचा प्रश्न वेगळा. ऑनलाइन डावाचा वेळ आपोआप नोंदवला जातो, हॉलमध्ये नाही. क्लासिकल डावात चाली लिहाव्याच लागतात, आणि स्कोअरशीटवर चालीशेजारी घड्याळातला वेळ लिहायला फिडेच्या (बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत परवानगी आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मुलाला सवय लावा, दर पाच चालींनी उरलेली मिनिटं शेजारी लिहायची, बस. घरी आल्यावर लीचेसच्या स्टडीमध्ये (डाव आणि टिपणं साठवायच्या वहीत) डाव भरायचा आणि त्या चालींना कॉमेंटमध्ये वेळ टाकायचा. स्टडी खाजगी ठेवता येते, एका स्टडीत ६४ चॅप्टर बसतात, म्हणजे अख्ख्या सीझनचे डाव एकाच जागी. रॅपिडमध्ये चाली लिहिणं बंधनकारक नसतं, तिथे डाव संपल्या संपल्या, हॉलबाहेर वडापाव खायच्या आधी, आठवेल तेवढा मोबाइलवर भरून टाका. पहिल्या वीस चाली तर मुलांना पाठच असतात आणि वेळ बहुतेक वेळा तिथेच गेलेला असतो.

चेस इन्साइट्स म्हणून एक भाग आहे, तो थोडा किचकट दिसतो पण सोडू नका. त्यात एका बाजूला अ‍ॅक्युरसी आणि दुसऱ्या बाजूला टाइम प्रेशर निवडता येतं, म्हणजे घड्याळात भरपूर वेळ असताना मूल किती अचूक खेळतं आणि थोडाच उरलेला असताना किती, हे सगळ्या डावांचं मिळून दिसतं. अट एवढीच की अ‍ॅक्युरसी काढायला डावांचं कॉम्प्युटर अ‍ॅनालिसिस झालेलं पाहिजे, म्हणून हरलेल्यांसोबत जिंकलेल्या डावांचं पण करून ठेवत जा. जिंकलेल्या डावांत सुद्धा तेच उंच बार सापडतात, फक्त समोरचा आधी चुकलेला असतो.

आता काय कमी आहे ते. पहिलं म्हणजे इंजिन कारण सांगत नाही. ही चाल वाईट, ही चांगली, ही ओळ, संपलं. का वाईट ते तुम्ही शोधायचं. चेस डॉट कॉमवर गेम रिव्ह्यूमध्ये कोच वाक्यात समजावतो, नवख्या मुलाला ते गोड वाटतं हे मान्य आहे, पण फुकट खात्यावर त्याला मर्यादा आहे, आणि त्या वाक्यांत पण घड्याळाचा विचार नसतोच. ज्या घरात कोणालाच बुद्धिबळ येत नाही त्यांना लीचेसचा रिपोर्ट कोरडा वाटेल. तिथे क्लासच्या सरांना स्टडीत कॉन्ट्रिब्युटर म्हणून जोडा, ते तिथेच कॉमेंट लिहू शकतात.

दुसरं, आणि मला हे जास्त खटकतं, अ‍ॅडव्हांटेज ग्राफ आणि मूव्ह टाइम्स हे दोन वेगळे टॅब आहेत. एकाखाली एक ठेवले तर उंच बार आणि सपाट ग्राफ एका नजरेत दिसेल, आता मला इकडून तिकडे उड्या मारत चालीचे नंबर लक्षात ठेवावे लागतात. ब्लंडरच्या खुणेशेजारी त्या क्षणी घड्याळात किती सेकंद होते तेवढा आकडा जरी छापला तरी अर्धं काम होईल. अर्धा मार्क मी याचाच कापलाय.

तिसरं, इंजिन फार सहज हाताशी आहे. डाव संपला की मूल लगेच बटण दाबतं आणि विचार करणं तिथेच थांबतं. आमच्याकडे नियम आहे, आधी इंजिन बंद ठेवून भाची सगळा डाव मला तोंडी सांगते, कुठे काय वाटलं, कुठे भीती वाटली, कुठे समोरच्याच्या घड्याळाकडे बघत बसली, ते मी कॉमेंटमध्ये टाइप करते आणि मगच बटण. नवव्या चालीला तीन मिनिटं का घेतली याचं उत्तर कुठल्याही इंजिनकडे नाही, ते तिच्याकडेच होतं. क्लासमध्ये शिकवलेली लाइन आठवत नव्हती आणि ती आठवायचा प्रयत्न करत होती, पटाकडे बघतच नव्हती. हे कळल्यावर उपाय सोपा निघाला, लाइन आठवली नाही की तीस सेकंदांत जी चाल साधी आणि मोहरं बाहेर काढणारी दिसेल ती खेळायची, आठवत बसायचं नाही. ओपनिंगच्या आणि मिडलगेमच्या चालींना वरची मर्यादा किती ते तिचं तिनेच ठरवलंय, दीड मिनिट.

मोबाइलबद्दल थोडं. डाव खेळायला अ‍ॅप उत्तम आहे, पण हे सगळं दोन टॅबचं, तीन ओळींचं काम लॅपटॉपवर किंवा निदान टॅबलेटवर करा, छोट्या स्क्रीनवर बार वाचताना बोट नेमकं शेजारच्या चालीवर पडतं. मोबाइलच असेल तर ब्राउझरमध्ये साइट उघडून फोन आडवा धरा. आणि अ‍ॅनालिसिस हरल्या हरल्या करू नका, मूल रडवेलं असतं, दुसऱ्या दिवशी सकाळी करा. ज्यांना परवडतं त्यांनी लीचेसला महिन्याला थोडी देणगी जरूर द्या, आम्ही देतो, दुसऱ्या कुठल्या सबस्क्रिप्शनचे पैसे वाचलेत ना, त्यातलेच.